अक्काच्या खुब्याचं लग्न

अक्काचं लग्न लावून टाकायचं, ही कल्पना मुळात कलेक्टरणीची, म्हणजे तिच्या धाकट्या भावजयीची. पुढे प्रकरण अंगाशी आलं तेव्हा तिने ती नवऱ्यावर ढकलली, नवऱ्याने मधल्यावर, म्हणजे आपल्या थोरल्या भावावर, आणि मधल्याने नशिबावर. पण त्या रविवारी दुपारी वरच्या खोलीत चहाचा कप खाली ठेवत, "मी काय म्हणते, वन्संचं लग्नच करून टाकू," हे वाक्य तिच्याच तोंडून बाहेर पडलं होतं.



"कुणाचं?" तिच्या नवऱ्याने, म्हणजे बापूने, विचारलं.

"तुमच्या अक्कांचं."

अक्का तेव्हा बरोबर त्यांच्या पायांखाली, तळमजल्यावरच्या शिवणाच्या दुकानात बसलेली होती. उजवा खुबा गेल्यापासून तिला जिना चढवत नव्हता. ती दुकानातच कापडाच्या ताग्यांशेजारी झोपायची, आणि तिच्याविषयीची सगळी खलबतं हल्ली वरच्या मजल्यावर व्हायची. सोयीचं होतं ते. वडील गेल्यावर ह्याच पायमशीनवर बसून तिने दोन्ही भावांना शिकवलं, स्वतःच्या लग्नाचं वय त्या मशीनच्या सुईखालून कधी सरकून गेलं ते तिलाही कळलं नाही. आणि आता तो पायडल मारणारा पायच रुसून बसला होता. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं, हाडावर हाड घासतंय, सांधा बदलायला हवा. त्यानंतर त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून मधल्याला बसायला खुर्ची द्यावी लागली. मग डॉक्टरांनी विचारलं, "पॉलिसी कुठली आहे?"

तिथेच सगळं अडलं. बापूला बँकेची पॉलिसी होती. तिच्यात बायको बसत होती, मुलं बसत होती, आईवडील बसत होते. बापूने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

"सर, बहीण कुटुंबात येत नाही."

"मग कशात येते?"

मुलीने बराच वेळ कळफलक बडवला. "त्याला पर्याय नाहीये, सर."

मधल्याचं टायरचं दुकान. त्याच्या पॉलिसीतही तीच गत. अक्काच्या एकटीच्या नावाने नवी काढावी म्हणून एजंटाला बोलावलं, तर तो तिचं वय ऐकून गंभीर झाला आणि तिला उठताना बघून चहा अर्धवट टाकून गेला. ज्या बाईने सगळं घर शिवून काढलं, तिला कुठल्याच कंपनीच्या घरात जागा नव्हती.

"मुलगा कोण?" मधल्याने खवचटपणे विचारलं. घरात त्याला मधला म्हणत, कारण तो अक्का आणि बापू यांच्यामधला. वादातही तो नेहमी मध्येच असायचा.

"पंपवाले," कलेक्टरीण म्हणाली. "पाणीखात्यातले. दर महिन्याला पँट घेऊन येतात ना? विधुर आहेत. पेन्शन आहे. आणि खात्याची पॉलिसी आहे, मरेपर्यंत. स्वतःला आणि पत्नीला. मी चौकशी केलीय. पत्नीची जागा रिकामी आहे."

"बाई, ती काय पार्किंगची जागा आहे का?" मधला उखडला. "ह्या वयात लग्न! लोक काय म्हणतील?"

"लोकांनी खुब्याचे पैसे भरले तर मी लोकांचं ऐकते."

कोपऱ्यात बसलेली छोटी इतका वेळ गप्प होती. बापूची ही मुलगी तिशी ओलांडून गेली तरी छोटीच राहिली होती. सरकारी इस्पितळात ती फिजिओथेरपिस्ट होती. ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालायला लावायचं हे तिचं काम.

"आमच्याकडे होतं हे ऑपरेशन," ती म्हणाली. "जवळजवळ फुकट. थोडं थांबावं लागतं, एवढंच."

"त्या धर्मशाळेत?" बापू एकदम म्हणाला. "एका खोलीत चाळीस माणसं? अक्काला आम्ही जनरल वॉर्डात टाकली असं होऊ द्यायचं नाही मला."

"बाबा, त्याच धर्मशाळेतून मी पगार आणते."

"तू तिथे उभी असतेस. पेशंट आडवा असतो. फरक आहे."

ह्या मुद्द्यावर मधला आणि बापू बऱ्याच दिवसांनी एका बाजूला आले. घर विकण्यावरून जुंपल्यापासून दोघं एकमेकांशी कलेक्टरणीमार्फत बोलत होते. आता मधल्याने थेट बापूकडे बघून मान डोलावली, आणि ती मान डोलावणं लग्नाला होकार आहे असं कलेक्टरणीने परस्पर ठरवून टाकलं.

"चला, ठरलं तर," ती म्हणाली. "आता वन्संना कोण सांगणार?"

सगळ्यांनी बापूकडे बघितलं.

*

बापू जिना उतरताना मनात वाक्यं जुळवत होता. बँकेत त्याने भल्याभल्यांना कर्ज नाकारलं होतं, आवाज न चढवता. पण अक्कासमोर त्याचा अजूनही शाळेतला बापू व्हायचा. तिने शिवलेली चड्डी घालूनच तो पहिल्यांदा शाळेत गेला होता.

अक्का उंच स्टुलावर एका कुल्ल्यावर भार देऊन काज करत बसली होती. त्याने इकडचं तिकडचं बोलून शेवटी सांगून टाकलं. पॉलिसी, खात्याची सवलत, पत्नीची रिकामी जागा.

अक्काने दोरा दातांनी तोडला.

"कोण म्हणालास?"

"पंपवाले."

"त्यांना विचारलंत?"

"आधी तुला विचारतोय."

"बरी रीत आहे. बाकी सगळ्यांना विचारून झाल्यावर आधी मला." तिने काजाचं कापड उजेडाला धरून बघितलं. तिचा चेहरा त्यामागे गेला, त्यामुळे बापूला तो दिसला नाही. "येऊ देत त्यांना. बघू तरी."

"म्हणजे तुझी हरकत नाही?"

"चहा मी करणार नाही. आणि माणूस खाली आणायचा. मी वर येणार नाही."

तो आठवडा घराने जिन्यावरच काढला. कलेक्टरीण अक्काला विचारायला खाली जायची, की तारीख कोणती. अक्का म्हणायची, मधल्याला विचार. मधला खाली यायचा. अक्का म्हणायची, पण साडी कोणती, ते कलेक्टरणीला विचार. कलेक्टरीण पुन्हा खाली. कलेक्टरीण हे नाव अक्कानेच तिला ठेवलेलं होतं. लग्न होऊन आल्या आल्या तिने सासरच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे नव्याने लावले होते तेव्हा. आठवड्याच्या शेवटी कलेक्टरणीचे गुडघे बोलायला लागले. अक्का मात्र स्टुलावर बसून गुणगुणत होती.

*

पंपवाले रविवारी आले. खरं तर त्यांनी उभ्या आयुष्यात पंप विकला नव्हता. ते पाणीखात्याच्या पंपघरात होते आणि शहराच्या अर्ध्या भागाला सकाळी पाणी यायचं ते त्यांच्या हातून, एवढ्यावरून ते नाव पडलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. दुकानात पाऊल टाकताना त्यांच्या लक्षात आलं, की आज आपल्या हातात पँटेची पिशवी नाही. आणि पिशवीशिवाय ह्या दुकानात हातांचं काय करायचं, हे त्यांना सुचेना. त्यांनी हात मागे बांधले.

कापायच्या टेबलामागे सगळे ओळीने बसले होते. अक्का स्टुलावर. तिने मान हलवली. त्यांनीही हलवली.

"बसा," मधला म्हणाला. आठवड्याभरात त्याचा विरोध मावळून तिथे उत्साह आला होता. "थेट मुद्द्यावर येतो. बीपी?"

"आहे."

"साखर?"

"काठावर."

"तुमच्या पॉलिसीत खोली कुठली मिळते?" कलेक्टरणीने विचारलं.

"एकट्याची."

"एसी?"

"असावा. मी राहिलोय तेव्हा चालू नव्हता."

"सोबतच्या माणसाला जेवण?"

"एक वेळचं."

कलेक्टरणीने नवऱ्याकडे विजयी नजर टाकली. मधला पुढे सरकला. "समजा, लग्न झालं. पत्नी आली. मग पत्नीचे भाऊ वगैरे?"

"भाऊ नाही येत."

"थोडेसुद्धा नाही?"

"दादा!" बापू ओरडला.

"विचारलं तर काय झालं? माझ्या छातीत अधूनमधून कळ येते."

पंपवाल्यांना गंमत वाटत होती आणि थोडं वाईटही. एवढा वेळ झाला, पण आपण पितो का, चिडतो का, पहिली बायको कशाने गेली, एकटे काय शिजवून खातो, हे एकाही माणसाने विचारलं नव्हतं. जणू पॉलिसीच इस्त्रीचा शर्ट घालून आली होती आणि तिला सोबत म्हणून ते आले होते.

"मी एक विचारू?" स्टुलावरून अक्का म्हणाली.

सगळे थबकले.

"घोरता का?"

पंपवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पंपघरात आवाज फार. तिथे कळायचं नाही. घरी सांगायला कोणी नाही."

"हं," अक्का म्हणाली, आणि हसू दाबायला तिने टेप मानेभोवती उगाच नीट केली.

बापूने ते बघितलं, आणि त्याच क्षणी त्याचं मत फिरलं. इतके दिवस त्याने ह्या लग्नाकडे एक सही म्हणून बघितलं होतं. आता त्याला दिसलं, की समोर एक बाई आहे आणि एक माणूस आहे. घसा साफ करून तो म्हणाला, "हे बघा, गैरसमज नको. हे लग्न फक्त कागदावर राहील. अक्का इथेच राहणार. आमच्याजवळ."

"मग मी कुठे राहायचं?" पंपवाल्यांनी विचारलं.

"तुमच्या घरी."

"आत्ता राहतो तसंच?"

"अगदी तसंच. तुम्हाला काहीच त्रास नाही."

"अहो, त्रास नसेल तर लग्न कसलं ते?" पंपवाले म्हणाले.

छोटी खुदकन हसली. मधला चिडला. "बापू, तू आता मध्ये खोडा घालू नकोस. कागदावर राहू दे नाहीतर कौलावर, आधी खुबा होऊ दे."

"तुला काय, तुला तुझ्या छातीची पडलीय!"

"आणि तुला फुकटात दुकान सांभाळणारी हवीय!"

हे फार लागलं. बापू उठून उभा राहिला. कलेक्टरीण, जी आठवडाभर नवऱ्याच्या बाजूला होती, ती आता मधल्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. घराची जुनी शिवण पुन्हा उसवणार असं दिसायला लागलं, तेव्हा पंपवाल्यांनी हात वर केला. वर्गातल्या मुलासारखा.

"एक सांगायचं राहिलं. खुबा होणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लग्न झालं, नाव घातलं, तरी आमच्या पॉलिसीत एक कलम आहे. जोडीदाराला जे दुखणं नाव घालण्याच्या आधीपासून आहे, त्याचे पैसे पहिली दोन वर्षं मिळत नाहीत. माझ्या हर्नियालासुद्धा त्यांनी असंच ताटकळत ठेवलं होतं. निवृत्तीनंतर ही पॉलिसी नव्याने चालू होते ना."

कलेक्टरणीच्या हातातली बिस्किटांची ताटली तिरकी झाली.

"हे तुम्ही आता सांगताय?"

"तुम्ही खोलीचं विचारलंत. जेवणाचं विचारलंत. हे कोणी विचारलंच नाही."

"सगळं माहीत असून आलात कशाला मग?" मधला गरजला.

पंपवाल्यांनी मागे बांधलेले हात सोडले. त्यांचे कान लाल झाले होते. "बोलावलंत म्हणून आलो. आपण होऊन मी कधी आलो असतो? दर महिन्याला एक पँट आत घ्यायला द्यायची, पुढच्या महिन्यात तीच सैल करायला. आता एकीतही कापड उरलेलं नाही."

 बाहेरून एक स्कूटर गेली, तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"त्या कलमाचं मला ठाऊक होतं," अक्का म्हणाली.

आता पंपवालेही वळले.

"मागच्या महिन्यात पॉलिसीची पुस्तिका तुमच्या पँटेच्या खिशात विसरली होती. मी वाचून काढली. बारीक अक्षर आहे, पण मी बारीकच टाके घालते."

"विसरली नव्हती," पंपवाले हळूच म्हणाले. "ठेवली होती. म्हटलं, तुम्ही वाचाल. पहिल्या पानावर 'पत्नी' असं आहे, तेवढंच वाचाल असं वाटलं होतं. कलम चौथ्या पानावर आहे."

"मी पुस्तक पहिल्या पानावर ठेवणाऱ्यांतली नाही."

"अक्का!" बापूचा आवाज चिरकला. "तुला माहीत होतं? मग आम्हाला आठवडाभर का नाचवलंस?"

"नाचवलं कुठे? जिने चढवले. मला न विचारता वर बसून माझं लग्न ठरवलंत. म्हटलं, कळू दे जरा जिना म्हणजे काय असतं ते."

कलेक्टरणीने नकळत गुडघ्यावर हात ठेवला. मग तिलाच हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोकळं. "वन्सं, तुम्ही म्हणजे अगदी..." पुढचा शब्द तिला सापडला नाही.

"पण मग खुब्याचं काय?" मधला म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. एवढ्या गदारोळात ते एकटंच खरं दुखणं होतं, आणि ते स्टुलावर तसंच बसून होतं.

अक्काने छोटीकडे बघितलं. छोटीने खालमानेने सांगून टाकलं, "आत्याचं नाव आमच्याकडे यादीत आहे. पावसाळ्याआधीच घातलंय. पुढच्या महिन्यात नंबर लागेल."

"कोणाला विचारून?" बापू उसळला.

"मला," अक्का म्हणाली. "पोरीने मला विचारलं. एकटीने."

बापू पुन्हा तेच बोलला. जनरल वॉर्ड, चाळीस माणसं, लोक. अक्काने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग ती म्हणाली, "बापू, मी आयुष्यभर ज्यांच्या पोरांचे गणवेश शिवले, तीच माणसं त्या वॉर्डात असतात. त्यांच्याशेजारी झोपायला मला काही वाटत नाही. मी तिथे आहे हे सांगायला तुला काहीतरी वाटेल. ते दुखणं तुझं आहे. त्याला माझा खुबा कशाला अडवून ठेवायचा?"

 बापू कापायच्या टेबलाकडे वळला आणि तिथली खडूची वडी उगाच एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवत राहिला. छोटीला वाटलं, बाबा आता रडणार. पण तो म्हणाला, "रात्री सोबतीला मी राहीन. मला झोपायला दिलं नाही तरी चालेल."

"पुरुषांना बायकांच्या वॉर्डात रात्री सोडत नाहीत, बाबा."

"मग मी राहते," कलेक्टरीण म्हणाली. "बघतेच ती धर्मशाळा कशी चालते ते."

पंपवाले अजून उभेच होते. त्यांना कोणी जा म्हणालं नव्हतं आणि थांबही म्हणालं नव्हतं.

"मग मी..." त्यांनी दाराकडे बघितलं. "पॉलिसीचा उपयोग नाही, तर लग्नाचंही तसं कारण उरलं नाही."

"बरोबर," मधला म्हणाला.

"तू गप्प बस," अक्का त्याला म्हणाली. मग पंपवाल्यांना, "कारण नाही म्हणून तर विचार करता येईल. बसा. चहा गार झालाय, पण आहे."

*

ऑपरेशन नीट झालं. फार गाजावाजा झाला नाही त्याचा. वॉर्डात त्याच दिवशी आणखी दोघींचे गुडघे झाले होते. कलेक्टरीण पहिल्या रात्री नाक मुरडत गेली आणि सकाळपर्यंत तिने सगळ्या खाटांशेजारची कपाटं आवरून टाकली होती. हेड सिस्टरने आधी तिला झापलं, मग चहा दिला. बापू रोज भेटीच्या वेळेआधीच फाटकाशी उभा असायचा, आणि बँकेत कोणी विचारलं तर इस्पितळाचं नाव मोठ्याने सांगायचा. जरा गरजेपेक्षा मोठ्यानेच. मधला अक्काला बघायला म्हणून आला आणि छोटीने त्याला धरून हृदयाच्या ओपीडीत नेऊन बसवलं. कळ पित्ताची निघाली. हे कळल्यावर त्याची थोडी निराशाच झाली.

छोटीने अक्काला दुसऱ्याच दिवशी उभं केलं. अक्काने तिला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या आणि चालली. पंपवाले वॉर्डाच्या दारात काचेतून बघत होते. ती वॉकर ढकलत दारापर्यंत आली, तेव्हा ते म्हणाले, "डावीकडे जरा झोल आहे," आणि ती म्हणाली, "ते मी बघून घेईन, शिवण माझी आहे."

लग्न रजिस्टर ऑफिसात झालं, थंडी पडल्यावर. अक्का काठी न घेता दोन पायऱ्या चढली. सह्या करताना बापू रडला आणि त्याने ते सर्दीवर घातलं. राहायचं कुठे, यावरून पुन्हा एक भांडण झालं. शेवटी पंपवालेच पिशवी घेऊन दुकानामागच्या खोलीत राहायला आले. ते घोरतात, हे तिथे पहिल्याच आठवड्यात सिद्ध झालं.

पुढच्या महिन्यात दोघं पाणीखात्याच्या कार्यालयात गेले, पॉलिसीत अक्काचं नाव घालायला. खुब्यासाठी नव्हे, पण पुढचं काही सांगता येत नाही, असं पंपवाल्यांचं म्हणणं. खिडकीमागे एक तरुण कारकून होता. त्याने मान वर न करता प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव. वय. नातं. पत्नी, पंपवाले म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द थोडा सावकाश उच्चारला.

"आधीपासूनचं काही दुखणं?" कारकुनाने विचारलं.

"होतं एक," अक्का म्हणाली. "फार वर्षांचं. शेवटी काढून टाकलं आणि नवीन बसवून घेतलं."

कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. त्याने अक्काकडे बघितलं, मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या पंपवाल्यांकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"खुबा," पंपवाले घाईघाईने म्हणाले. "खुब्याबद्दल म्हणतायत त्या."

अक्काने काहीच खुलासा केला नाही.